जुन्या एमजीबीचे हेडलाइट मंद: बल्ब बदलायच्या आधी व्होल्ट मोजा

प्रश्न: काकांची १९६९ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) माझ्याकडे आली आहे. इंजिन, ब्रेक सगळं करून घेतलं. पण नागपूरहून कारंजा घाडगेजवळच्या शेतावर जाताना अंधार पडला की समोरचं धड दिसत नाही. लाइट पिवळट आणि मंद आहेत. १००/९० वॅटचे बल्ब टाकू की एलईडी?

उत्तर:

दोन्ही नको. आधी मल्टिमीटर घ्या आणि दिव्यापर्यंत किती व्होल्ट पोचतात ते बघा. तोवर बल्बावर एक रुपयाही घालू नका.

मी याच हायवेलगत ऑटो वायरिंगचं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली. एमजीबी माझ्या हातून एकच गेली आहे. पण जुन्या जीपा, अॅम्बेसेडर, जिप्सी कितीतरी गेल्या, आणि हेडलाइटचं दुखणं सगळ्यांचं जवळपास सारखंच निघतं. बल्ब बिचारा चांगला असतो, त्याला पोटभर करंटच मिळत नाही.

तुमच्या गाडीत करंट कसा फिरतो ते बघा. बॅटरी सीटच्या मागे. तुमच्या सालच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, कुणी काढून बारा व्होल्टची एक बसवली नसेल तर. तिथून जाड केबल पुढे स्टार्टरच्या सोलेनॉइडवर, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या जाड स्विचवर येते. तिथून तपकिरी वायर डॅशबोर्डच्या स्विचला, स्विचपासून निळी वायर डिपरच्या स्विचला, आणि तिथून निळी-पांढरी अप्परसाठी (लांबचा झोत), निळी-लाल डिपरसाठी (खाली झुकलेला झोत), परत गाडीच्या नाकापर्यंत. वाटेत जागोजागी लुकास या ब्रिटिश कंपनीचे ते गोळीसारखे कनेक्टर. पन्नास-पंचावन्न पावसाळे झाल्यावर ते आतून हिरवे पडतात. दोन्ही दिव्यांचा मिळून दहाएक अँपिअरचा भार त्या दोन बारक्या स्विचांमधून जातो. मध्ये रिले (बारक्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही आणि हेडलाइटच्या लाइनला कंपनीने फ्यूजही दिलेला नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं.

आता मोजायचं कसं. इंजिन चालू, रेस थोडी वर, हेडलाइट डिपरवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर (दोन बॅटऱ्या असतील तर जोडीच्या बाहेरच्या दोन टोकांवर) व्होल्ट बघा, १३.८ ते १४.२ च्या आसपास असले पाहिजेत. तितके नसतील तर दुखणं चार्जिंगचं आहे, आधी अल्टरनेटर दाखवा. मग दिव्याची क्रोमची रिंग काढून दिवा थोडा बाहेर ओढा आणि मागचा तीन पिनचा प्लग लावलेला असतानाच त्याच्या टोकांवर मोजा. प्लग काढून मोजलंत तर आकडा छान येईल आणि फसाल. भार असतानाच कमी-जास्त कळतं.

मागच्या मोसमात एक संत्र्याचे व्यापारी जुनी जीप घेऊन आले होते, तक्रार तुमचीच. बॅटरीवर १३.९, दिव्यावर ११.१. म्हणजे २.८ व्होल्ट वाटेतच खपले. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. व्होल्ट दहा टक्के घटले की उजेड तीस टक्के घटतो. त्या जीपला बॅटरीवरच्या व्होल्टला जेवढा उजेड मिळाला असता त्याच्या निम्माही मिळत नव्हता. मी डिपरचा प्लग उघडला तर आतला प्लास्टिकचा भाग करपून तपकिरी झालेला, आणि पितळी पिन बोटानं हलवली तर डगडग हलत होती. जुने बल्ब तसेच ठेवून नुसते रिले आणि नवीन वायर टाकली. दिव्यावर १३.५ आले. उजेड जवळजवळ दुप्पट. त्या गृहस्थांना वाटलं मी बल्ब बदलले.

तुमच्या गाडीलाही हेच करा. चार पिनचे दोन रिले घ्या, एक अप्परचा, एक डिपरचा. सोलेनॉइडच्या ज्या नटाला बॅटरीची केबल आहे तिथून ४ चौरस मिमीची नवी वायर काढा आणि तिच्यावर, नटाच्या शक्य तितक्या जवळ, ३० अँपिअरचा फ्यूज बसवा. पुढे ती दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनवर. ८७ नंबरवरून दिव्याला २.५ चौरस मिमीची वायर. ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडणी. ८६ ला तुमची जुनी निळी-पांढरी, दुसऱ्या रिलेला निळी-लाल. आता जुन्या स्विचांमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जाईल, पाव अँपिअरही नाही, त्यामुळे ते मूळचे स्विचही टिकतील. रिले ते दिवा या टप्प्यात डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळा १० अँपिअरचा फ्यूज द्या. रात्री एक फ्यूज उडाला तर दुसरा दिवा तरी चालू राहिला पाहिजे. दोन्ही दिवे एका फ्यूजवर टाकणारा कारागीर असेल तर त्याला थांबवा.

आणि अर्थिंग. प्रत्येक दिव्याची काळी वायर नव्यानं थेट चेसिसवर न्या. खालचा रंग घासून पत्रा चकचकीत करा, वायरच्या टोकाचं थिंबल (धातूची कडी) नीट दाबून, डाग देऊन लावा, वरून ग्रीस. निम्म्या वेळा खरा दोष इथंच सापडतो.

एक खबरदारी. एमजीबीत १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होता, त्यानंतर निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर आला. तुमची १९६९ ची, म्हणजे निगेटिव्ह असायला हवी, पण मधल्या काळात कुणी काय जोडलं ते सांगता येत नाही. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी बघूनच काम सुरू करा.

आता १००/९० च्या बल्बाचं. मी सुरुवातीच्या काळात एका जीपला असे बल्ब बसवून दिले होते, वायरिंग जुनंच ठेवून. पंधरा दिवसांत होल्डर वितळला आणि रात्री पुलाजवळ दोन्ही दिवे एकदम गेले. सुदैवानं कुणाला काही झालं नाही, पण ती चूक माझी होती आणि तेव्हापासून मी ते बल्ब दुकानात ठेवत नाही. हिशेब सरळ आहे: ६० च्या जागी १०० वॅट म्हणजे करंट जवळपास पावणेदोन पट, आणि सैल जोडावर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीन पट. तुमचा अल्टरनेटर मुळात ३४ अँपिअरच्या आसपासचा. त्याच्यावर हा बोजा कशाला?

एलईडीबद्दल मुलं रोज विचारतात. एच४ हा हॅलोजनचा हेडलाइट बल्ब नीट बघा: आत दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून डिपरवर उजेडाला वरून स्वच्छ कड येते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. सगळा खेळ फिलामेंट बरोब्बर त्या जागी असण्याचा आहे. एलईडी बल्बात चिप दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात, फिलामेंटसारखा चहूकडे उजेड देत नाहीत. कड विस्कटते, जवळचा रस्ता पांढराफटक होतो, लांबचा काळाच राहतो. जवळ लख्ख दिसल्यामुळे आपल्याला वाटतं लाइट जबरदस्त आहे. शिवाय ते पंख्यावर चालणारे बल्ब आमच्या भागात टिकत नाहीत. जिनिंगजवळ फिरणाऱ्या एका गाडीचा बंद पडलेला बल्ब मी उघडला तेव्हा त्या इवल्या पंख्याभोवती कापसाच्या तंतूंची वातच वळलेली होती. वर मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं घालतं, तेही लक्षात असू द्या. स्वतःच्या काचेसकट येणारा पूर्ण सात इंची एलईडी दिवा ही वेगळी गोष्ट, चांगल्या बनावटीचा असेल तर त्याचा फोकस नीट असतो. पण १९६९ च्या गाडीच्या तोंडावर तो मला बघवत नाही. हे माझं मत, गाडी तुमची आहे.

दिवा मात्र बदला. तुमच्याकडे बहुतेक सील बीम असेल, काच-रिफ्लेक्टर-फिलामेंट सगळं एकत्र. तुमची गाडी बनली तेव्हा एच४ बल्ब बाजारात यायचा होता, तो १९७१ चा. पण सात इंची गोल दिव्याचं माप अमेरिकेत १९४० मध्ये ठरलं आणि जगभर चाललं. जिप्सी, जुनी थार, अॅम्बेसेडर, सगळ्यांना तेच माप, म्हणून तुम्हाला एच४ चा चांगला काचेचा दिवा नागपुरातही मिळेल. साधा ६०/५५ वॅटचा बल्ब घाला. डिपरला हजार लुमेनच्या आसपास, अप्परला साडेसोळाशे, पण हे आकडे १३.२ व्होल्टचे आहेत. म्हणूनच वायरिंग आधी. घेण्याआधी मागचा रबर बूट धरून दिव्याची खोली मोजा आणि गाडीत दिवा बसतो त्या वाटीत तो मावतो का बघा.

परदेशातून दिवा मागवत असाल तर थांबा. एमजीबी अमेरिकेत भरपूर गेल्या, त्यामुळे तिथले विक्रेते पुष्कळ सापडतात. पण तिथं गाड्या उजवीकडून चालतात, त्यांच्या डिपरचा उजेड उजवीकडे उचललेला असतो. आपल्या रस्त्यावर तो सरळ समोरच्याच्या तोंडावर. युरोपीय मानकाचा दिवा असेल तर काचेवर बाण शोधा: दिव्यासमोर उभं राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या रस्त्यासाठी. बाणच नसेल तर घेऊ नका.

सगळ्यात जास्त लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ते फोकस लावण्याचं काम. सपाट अंगण आणि चुन्याची भिंत लागते. आम्ही गोदामाची भिंत वापरतो, संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी तुमच्या वजनाचं कुणीतरी बसलेलं. गाडी भिंतीपासून बरोबर १० मीटरवर, दिव्याच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर मारा आणि त्याच्या १० सेंटिमीटर खाली आडवी रेघ ओढा. एका दिव्यावर पोतं टाका. दुसऱ्याच्या डिपरची कड त्या रेघेवर आली पाहिजे, उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढत गेलेली, आणि चढ जिथं सुरू होतो तो कोपरा दिव्याच्या अगदी समोर. रिंगखाली दोन स्क्रू आहेत, वरचा खाली-वर करायला, बाजूचा डावी-उजवीकडे. पाव-पाव फेरा द्या. मग पोतं दुसऱ्या दिव्यावर.

इथं तुमच्या गाडीची एक अडचण आहे जी जीपला नाही. ती बुटकी आहे. दिवा जमिनीपासून साठ सेंटिमीटर धरला आणि १० मीटरला १० सेंटिमीटर उतार दिला, तर डिपरची कड साठ मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ६० किमीला दीड सेकंद दचकण्यात आणि मग चांगले ब्रेक लागले तरी गाडी थांबायला पन्नासएक मीटर जातात. ताशी ८० ला पंचाहत्तर. म्हणजे डिपरवर ८० नं चालवलंत तर तुम्ही स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावताय. केंद्रीय मोटार वाहन नियम १०५ सांगतो की दिव्यांनी १५५ मीटरपर्यंतचं माणूस आणि वाहन स्पष्ट दिसायला हवं, आणि ते अप्परवरच होतं. समोरून कुणी येत नसेल तेव्हा अप्पर लावा, दिसला की लगेच डिपर. कोणताही बल्ब ही अडचण मिटवणार नाही, वेगच आवरावा लागेल.

हायवे सोडून शेताकडे वळलात की रस्त्यावर कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. कापसाची बंडी (बैलगाडी), मागे ना दिवा ना काही, वरून पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा भारा आडवा आलेला. रात्री पीक राखायला जागलीला निघालेली माणसं, हातात टॉर्च, पण पायांकडे धरलेला. रोही (नीलगाय) तर उजेड पडला की जागेवरच उभा राहतो. डोळ्यांत लख्ख पांढरा झोत गेला की बंडीवाल्याला पुढे चार-पाच सेकंद काहीच दिसत नाही आणि बैल तर बुजतातच. आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येक बंडीच्या मागच्या फळीला चमकणारी लाल पट्टी फुकट चिकटवतो, दोन वीत लागते फक्त. शेतावरच्या तुमच्या माणसांच्या बंडीला तुम्हीही लावा. नीट लावलेल्या डिपरमध्येही ती लांबून दिसते.

मोजून झालं की दोन्ही आकडे इथं लिहा, बॅटरीवरचा आणि दिव्यावरचा, इंजिन चालू असतानाचे. डाव्या आणि उजव्या दिव्यात फरक आला तर तोही. असा फरक बहुतेक अर्थिंगचा निघतो, आणि ते काम अर्ध्या तासाचं आहे.