पाणी येईपर्यंत बंद

पत्र थोडक्यात असं: "सर, मी खानापूर तालुक्यातून रोज बेळगावला येऊन इंजिनिअरिंग करतो, तिसरं वर्ष आहे. प्रोजेक्टला टेम्पोरल लॉजिक घ्यायचंय, म्हणजे काळासकट नियम लिहायचं तर्कशास्त्र, आणि त्या नियमांवरून चालत्या मशीनवर नजर ठेवणारा प्रोग्राम. पण त्याला स्कोप नाही. मी बावीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीच्या भट्टीवर काढली. पोरगं मराठी माध्यमाचं, त्याला हे झेपणार नाही. कधीतरी सेटल व्हायला हवा. त्याला बँकेच्या परीक्षेला बसायला सांगा."

नमस्कार. पत्रातला 'मी' मध्येच बदलला. सुरुवातीला मुलगा बोलतोय, नंतर भट्टीवरचे बाबा. म्हणून हे उत्तर बाबांना. मुलाच्या नावानं पत्र लिहून त्याच्याच विरुद्ध निकाल मागायचा, हे मला फार खटकलं. मार्कांबद्दल तर अवाक्षर नाही. ते कमी असते तर पहिल्या ओळीत आले असते.

स्कोप नाही म्हणता, पण हा विषय तुम्ही बावीस वर्षं जगलात. इंडक्शन भट्टीत, म्हणजे कॉइलमधल्या विजेनं लोखंड वितळवणाऱ्या भट्टीत, कॉइल थंड ठेवणारं पाणी थांबलं की करंट तुटलाच पाहिजे, नाहीतर कॉइल तापून फुटते. मग तिच्यातलं पाणी वितळलेल्या लोखंडाला लागलं तर काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार? हाच नियम मुलाला काळासकट लिहायचाय: 'नेहमी, पाणी थांबलं की समजा पाच सेकंदांत करंट बंद.' अशा नियमातून एक छोटा पहारेकरी प्रोग्राम तयार होतो आणि मशीन चालू असताना एकेक नोंद तपासत राहतो. आधी कितीही टेस्टिंग केलं तरी सुचलेलेच प्रसंग तपासले जातात, म्हणून हा पहारा. संगणकशास्त्रज्ञ अमीर प्नुएली यांनी १९७७ साली हे तर्कशास्त्र प्रोग्रामना लावलं. संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९९६ साली मिळाला, तो मुख्यतः याच कामासाठी.

आता 'मराठी माध्यम'. भट्टीजवळच्या फळ्यावर लिहिलंय, 'पाणी येईपर्यंत करंट बंद ठेवा.' पाणी आलंच नाही आणि करंट बंदच राहिला, तर नियम पाळला की मोडला? तुम्ही म्हणाल, पाळला. पण टेम्पोरल लॉजिकमधला नेहमीचा 'अंटिल', म्हणजे 'पर्यंत', म्हणतो, मोडला. कारण पाणी कधीतरी येईलच, अशी हमीही तो मागतो. ती नको असेल तर 'वीक अंटिल' वापरायचा. पोराची खरी परीक्षा इथे आहे, आणि 'पर्यंत' या शब्दात काय काय दडलंय ते मराठीत विचार करणाऱ्याला चांगलंच कळतं. इंग्रजी मॅन्युअल वाचायची सवय लागते हो, वेळ लागतो इतकंच.

बँकेची परीक्षा पदवीनंतरही देता येते, एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेला तर तिसऱ्या वर्षापासूनच बसता येतं. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

मुलालाही एक स्पष्ट सांगतो: 'टेम्पोरल लॉजिक इंजिनिअर पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसू नकोस. हे काम एम्बेडेड (यंत्रात बसवलेले प्रोग्राम), व्हेरिफिकेशन (प्रोग्राम बरोबर आहे का याची पडताळणी), फंक्शनल सेफ्टी (बिघाडातही यंत्र सुरक्षित राहणं) या नावांखाली मिळतं. गाड्यांसाठी आयएसओ २६२६२, विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी ही मानकं चाळून ठेव. प्रोग्रामिंगची सी भाषा कच्ची असेल तर लॉजिक एकटं पोट भरणार नाही. आणि प्रोजेक्टसाठी खऱ्या भट्टीच्या करंटला हात लावायचा नाही. नोंदी घ्यायच्या, त्यावर प्रोग्राम चालवायचा, बस्स.

बाबा, तुमचं 'कधीतरी सेटल' मात्र मोडलं म्हणून कुठल्याच पहारेकऱ्याला पकडता येणार नाही. नुसतं 'कधीतरी' म्हटलं की ते मोडलं असं कुठल्याच दिवशी म्हणता येत नाही, उद्या होईल ही आशा उरतेच. मुदत घाला. पदवीनंतर एक वर्ष, असं दोघांनी बसून ठरवा आणि त्या वर्षात रोज विचारू नका. भट्टीचे नियम त्याला तुम्हीच सांगा, कॉलेजात ते कुणाला तुमच्याइतके ठाऊक असतील असं वाटत नाही.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तुम्हाला काही म्हणायचं असलं तर खाली स्वतःच्या सहीनं लिहा.