रात्री-अपरात्री लेकरू आजारी पडलं तर सोलापुरात कुठं न्यायचं?

तुम्ही विचारलंय: बदलीनं नुकतेच सोलापुरात आलोय, मुलगा दीड वर्षाचा आहे, ओळखीचं कुणी नाही. रात्री त्याला काही झालं तर सिव्हिलला जावं, एखादं चांगलं खासगी हॉस्पिटल गाठावं, की सरळ पुण्याला निघावं? मी इथलाच. आमच्या धाकटीला घेऊन अशा रात्रीतून गेलोय, म्हणून लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. रात्री हॉस्पिटलचं नाव बघू नका. मुलांचे डॉक्टर या घडीला तिथं हजर आहेत का आणि एवढ्या लहान पोराला ऑक्सिजन लावायची सोय चालू आहे का, एवढं बघा. दिवसा ज्या हॉस्पिटलची ख्याती ऐकाल, तिथंही रात्री बहुतेक वेळा एक आरएमओ (ड्युटीवरचा साधा डॉक्टर) असतो आणि बालरोगतज्ज्ञ ‘कॉलवर’ असतात. म्हणजे ते घरी झोपलेले असतात. मोठ्या माणसाला तेवढ्यानं भागतं. वर्ष-दीड वर्षाच्या पोराची शीर सापडणंसुद्धा सवयीच्या हाताचं काम आहे.

आमची धाकटी तेव्हा दहा महिन्यांची. दोन-तीन दिवस नाक वाहत होतं, थोडा खोकला, पण खेळत होती. रात्री दूध ओढेना. दोन घोट घ्यायची आणि तोंड सोडायची. ताप फारसा नव्हता, त्यामुळे आम्हा दोघांना वाटलं, नाक चोंदलंय म्हणून करतेय. माझी आई उठून आली, तिनं झबलं वर केलं आणि म्हणाली, “पोट उडायलंय की रे लेकराचं. सकाळची वाट बघू नको.”

हे पोट उडणं काय असतं ते नीट बघून ठेवा, कारण तापाचा आकडा बघत बसणारे आईबाप इथंच फसतात. श्वास आत घेताना पोराच्या बरगड्यांच्या खालचा भाग बाहेर यायला हवा. तो आत ओढला जात असेल, खड्डा पडत असेल, तर पोरगं श्वासासाठी झटतंय. मग श्वास मोजा. पोरगं शांत असताना किंवा झोपेत, अंगावरचं कापड वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान पोरांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हा जलद श्वास. आशाताईंना न्यूमोनिया ओळखायला हेच आकडे शिकवतात. तुमच्या मुलाला ४० चा आकडा लागू. तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर एकदा पुन्हा मोजायचा. पण खड्डा पडत असेल तर मोजणी-बिजणी सोडा आणि निघा. ओठ निळसर होणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं, नाकपुड्या फुलणं, काहीच न पिणं, प्यायलेलं सगळं ओकणं, झटका येणं, हाक मारली तरी डोळे न उघडणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ फॅरेनहाइटचा ताप एवढंच कारण पुरतं. घरातल्या मोठ्यांच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका, ती क्लिप एवढ्याशा बोटावर नीट बसतच नाही.

आमच्या घरापासून, जुळे सोलापुरातून, जवळ एक खासगी हॉस्पिटल होतं. नाव सांगत नाही. बाहेर ‘२४ तास सेवा’ असा दिव्यांचा बोर्ड. आत एक तरुण डॉक्टर आणि काउंटरवर एक मुलगा. काउंटरवरच्यानं आधी फॉर्म पुढं सरकवला, मग डिपॉझिटची रक्कम सांगितली. पोरगी बायकोच्या खांद्यावर कण्हतेय आणि मी एटीएम कार्डाचा पिन आठवतोय. पैसे भरायची तयारी दाखवल्यावर आतून निरोप आला, “मुलांचे सर सकाळी दहाला येतात. पेशंट सिरियस वाटतोय, तुम्ही दुसरीकडे न्या.” त्या डॉक्टरवर माझा राग नाही. आपल्याला झेपणार नाही हे त्यानं कबूल केलं, ते बरंच केलं. राग आहे तो हे पहिल्या मिनिटाला न सांगितल्याचा, आणि भिंतीला ऑक्सिजनची लाइन असताना तेवढा वेळसुद्धा नळी न लावल्याचा.

म्हणून म्हणतो, आधी फोन करा. “लहान मुलांसाठी इमर्जन्सी आहे का?” असं विचारलंत तर ‘हो या’ असंच उत्तर येईल. असं विचारा: “मुलांचे डॉक्टर आत्ता हॉस्पिटलात आहेत का? दीड वर्षाच्या मुलाला ऑक्सिजन लागला तर लावाल का? आयसीयू लागला तर मुलांचा आहे, की मोठ्यांच्यातच ठेवाल?” समोरचा अडखळला की पुढचा नंबर लावा. हे फोन खरं तर आजच दुपारी करून ठेवायचे. होटगी रोड, विजापूर रोड, सात रस्ता या पट्ट्यातली दोन-तीन ठिकाणं अशी पारखून घ्या आणि नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

आम्ही तिथून शेजाऱ्यांच्या गाडीतून सिव्हिलला गेलो. बाहेरगावच्या माणसाला सिव्हिल म्हटलं की नाक मुरडावंसं वाटतं, म्हणून सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे त्याचं पूर्ण नाव, रिक्षावाल्याला मात्र ‘सिव्हिल’ एवढंच सांगा. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला ते जोडलेलं आहे, त्यामुळे निवासी डॉक्टर रात्रभर ड्युटीवर असतात. त्या रात्री आमचा सगळा जीव त्या एका गोष्टीवर होता. कॅज्युअल्टीतल्या मुलीनं (डॉक्टरच, पण वयानं माझ्या पुतणीएवढी) पोरीच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायचा प्रोब लावला, आकडा नव्वदच्या खाली बघितला आणि म्हणाली, “केस पेपर नंतर काढा, आधी आत चला.” नाकातला शेंबूड मशिननं ओढून काढला, ऑक्सिजन लावला, आणि थोड्या वेळानं पोरीचे ओठ आपल्या रंगावर आले.

निदान निघालं ब्रॉन्किओलायटिस. दोन वर्षांच्या आतल्या मुलांत विषाणूमुळे फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात आणि कफानं भरतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे घरच्यांना ‘आता सर्दी उतरेल’ असं वाटत असतं नेमकं तेव्हा. याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. ऑक्सिजन, नाक मोकळं ठेवणं आणि पोटात पातळ जात राहणं, उपचार मुख्यतः एवढाच. हे ऐकून मी चकित झालो होतो. मला वाटलं होतं, काहीतरी भारी इंजेक्शन देतील.

वॉर्डात तुम्हाला मराठीइतकीच कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येईल. धाराशिवपासून सीमेपलीकडच्या गावांपर्यंतची माणसं इथं येतात. आमच्या शेजारच्या कॉटवर इंडी भागातली एक आजी होती. सिस्टर तिला कन्नडमध्ये, आम्हाला मराठीत आणि पलीकडच्या पद्मशाली बाईंना तेलुगूत एकच गोष्ट सांगत होत्या, झोपलेल्या बाळाची नळी सरकली तर आधी आम्हाला हाक मारा. सोबत एक बाईमाणूस आणि एक धावपळीला पुरुष ठेवा, आणि रिपोर्टचा कागद कुठं जातो-येतो ते पहिल्याच तासात विचारून घ्या.

पैशांचं थोडक्यात. खासगीत न्यावं लागलं तर ते हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि मुलाचा आजार त्यात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलात बसणारा माणूस) विचारा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डिपॉझिटसाठी अडवलं तर १९८९ चा परमानंद कटारा खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, जीव वाचवायचे उपचार आधी करायचे, सरकारी असो की खासगी. पण रात्री एक वाजता काउंटरवर कायदा सांगून काही हलत नाही, हे माझं मत. त्यापेक्षा ठामपणे म्हणा, “ॲडमिट करू नका, पण आधी ऑक्सिजन लावा, आणि दुसरीकडे पाठवताय तर काय बघितलं, काय दिलं, किती वाजता दिलं ते लिहून द्या.” लिहून द्यायचं म्हटलं की सही करणारा माणूस बाहेर येतो.

१०८ बद्दल. शहरात गाडी दारात उभी असेल आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर असेल तर निघा. गाडी नसेल, मुलाचे ओठ निळे पडत असतील किंवा तुम्ही गावाबाहेर असाल तर १०८ लावा, तिच्यात डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो, पैसे लागत नाहीत. फोनवर पत्ता सांगताना सोसायटीचं नाव उपयोगाचं नाही. जवळचा चौक, देऊळ, शाळा सांगा आणि एक माणूस रस्त्यावर उभा करा. मोटरसायकलवर न्यायचीच वेळ आली तर पोराला चादरीत तोंडासकट गुंडाळू नका. आपल्याकडे थंडी लागेल म्हणून सर्रास असं करतात, आणि मग त्याचा रंग बदललेला कुणाला दिसत नाही. मांडीवर उभं धरा, तोंड उघडं ठेवा.

एका पिशवीत लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांच्या बाटल्या, दोन झबली आणि मुलाचं ताजं वजन लिहिलेला कागद ठेवा. वजन फार महत्त्वाचं, लहान मुलांचा प्रत्येक डोस किलोवर ठरतो. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यात गल्लत होऊ देऊ नका, थेंबांचं औषध कितीतरी पटीनं तीव्र असतं. चमच्यानं थेंब पाजणारे मी पाहिलेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका, अशी सूचना केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये काढली आहे. मेडिकलवाला ओळखीचा झाला तरी त्याच्याकडून आणू नका.

राहिलं पुणं. अडीचशे किलोमीटर आहे, मोकळ्या रस्त्यानंही चार तासांच्या वर. श्वास लागलेलं पोरगं घेऊन स्वतःच्या गाडीतून रात्री निघू नका, इंदापूरजवळ बिघडलं तर हातात काही नसतं. आधी इथं दाखवा, ऑक्सिजन-सलाइन लागू द्या. इथल्या डॉक्टरांनीच पुढं पाठवायला सांगितलं, तर त्यांना तिकडच्या डॉक्टरांशी तुमच्यासमोर फोनवर बोलायला लावा. बेड कुणी पक्का केला ते नावासकट लिहून घ्या. आणि ॲम्ब्युलन्स निघण्याआधी ड्रायव्हरला सिलिंडरचा काटा दाखवायला सांगा.