बरं वाटतंय, तेच इंजेक्शन बंद करू?

प्रश्न: डॉक्टरबाई, सा. न. वि. वि. माझं वय 52, राहणार डिचोली तालुका. पूर्वी मायनिंगवर माझे दोन ट्रक होते. 2018 मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा ते विकून हार्डवेअरचं दुकान घातलं. दुकान बरं चालतं, पण दोन-तीन वर्षं अंगात जीव म्हणून नव्हता. गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. सिमेंटची गोणी हलवायला पोराला हाक मारावी लागे. भजनी मंडळात पखवाज माझ्याकडे असतो, पण तिसऱ्या अभंगालाच हात जड व्हायचे. बाकीचं तुम्ही समजून घ्याल.

गेल्या वर्षी पावसात डेंगू झाला. ताप गेला, अशक्तपणा गेला नाही. भाचा जिमला जातो, त्याच्या सांगण्यावरून पणजीकडच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. दुपारी जेवूनच निघालो होतो. तिथं रक्त काढलं, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, 271 आलं. पन्नाशीनंतर पुरुषांचं असंच होतं म्हणाले आणि दर पंधरा दिवसांनी 250 चं इंजेक्शन सुरू केलं. त्याला आता 14 महिने झाले.

बाई, मी माणसात आलो. पहाटे मयेच्या तळ्यापर्यंत चालत जातो. हुर्राक सोडला. वजन 96 वरून 88 वर आलं. यंदा सप्ताहात आमची पाळी संपेपर्यंत पखवाज खाली ठेवला नाही. पण गेल्या महिन्यात फॅमिली डॉक्टरांनी सीबीसी केली, तर हिमोग्लोबिन 18.6 आणि पीसीव्ही 55.8. म्हणाले, रक्त घट्ट झालंय, गाठ होईल, इंजेक्शन बंद. बायकोचंही तेच. जिमवाले म्हणतात, एक बाटली रक्त दे, आपोआप उतरतं. मला वाटतं, मेल्यासारखी वीस वर्षं काढण्यापेक्षा दहाच वर्षं जिवंत माणसासारखं जगावं. यात माझं काय चुकलं?

— एक वाचक

उत्तर: तुमचं पत्र वाचून पान उलटं केलं, तर मागे निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात दोन ओळी होत्या: ‘हे घोरतात ते त्यांनी लिहिलेलं नाही. मध्येच श्वास थांबतो, मागीर मीच हलवून जागं करते.’ या ओळी तुम्हाला ठाऊक आहेत की नाहीत, कोण जाणे. अख्ख्या पत्रात मला सर्वांत उपयोगी पडल्या त्या याच. त्यांच्याकडे येते, पण आधी निकडीचं.

पुढचं इंजेक्शन घेऊ नका. कायमचं सोडा असं म्हणत नाही, आत्ता थांबा. पुरुषाचा पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, साधारण 40 ते 50 असतो. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या माणसाचा तो 54 च्या वर गेला की औषध थांबवायचं आणि खाली उतरल्यावर कमी मात्रेनं किंवा वेगळ्या प्रकारे द्यायचं का ते ठरवायचं, अशी तज्ज्ञांची रीत आहे. हे हार्मोन हाडांतल्या मगजाला लाल पेशी जास्त बनवायला लावतं. पंधरा दिवसांच्या इंजेक्शनात ते जास्त होतं, कारण पहिले दोन-तीन दिवस पातळी उंच चढते आणि शेवटी घसरते. तुम्हालाही शेवटचे तीन-चार दिवस मरगळ येत असेल. आठवून बघा.

आणि हे पाठ करून ठेवा: एकच पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात ऐकेनासा झाला, तर 108 ला फोन. शटर ओढून स्कूटर काढायची नाही.

जिमवाल्यांचं रक्तदान. रक्तदान चांगलंच, पण या कामाला नव्हे. आकडा काही आठवडे उतरतो, शरीरातलं लोह रिकामं होतं, आणि मगजाला चाबूक मारणारं इंजेक्शन चालूच राहतं. नळ उघडा ठेवून पाणी पुसत बसायचं.

आता तुमचं ते दहा आणि वीस वर्षांचं वाक्य. ते मी हसण्यावारी नेणार नाही. 2001 साली मी 51 वर्षांची होते. पाळी गेलेली, रात्री घामानं चादर बदलावी लागे, फोंड्याच्या दवाखान्यात पेशंटवर विनाकारण खेकसायची. हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि महिन्याभरात मीही तुमच्यासारखीच माणसात आले. 2002 च्या जुलैमध्ये अमेरिकेत हजारो बायकांवर चाललेला अभ्यास मध्येच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनच्या एकत्र गोळीनं स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. डॉक्टर असूनही मी आठवडाभर ती पट्टी नुसती टेबलावर ठेवून बघत होते. शेवटी मात्रा कमी करून वर्षभर घेतल्या, मग सोडल्या. तेव्हा बरं वाटण्याची किंमत काय असते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

पण तुम्ही धरलेला हिशेब मला पटत नाही. घट्ट रक्तातली गाठ सांगून वीसातली दहा वर्षं उचलून नेत नाही. ती मेंदूत अडकली तर माणूस जगतो आणि हात जातो. पखवाजाची धूम डाव्या हातावर असते ना?

दुसरं म्हणजे, मायनिंगचा ट्रक काट्यावर आधी रिकामा चढवायचा, मग भरून. वजाबाकी केल्याशिवाय आत माल किती ते कळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या बाबतीत रिकामा ट्रक कुणी काट्यावर चढवलाच नाही. टेस्टोस्टेरॉन पहाटे भरपूर असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. पोटभर हुमण-भात जेवलात तर आणखी उतरतं. डेंगूसारख्या दुखण्यानंतर काही आठवडे ते खाली असतं. म्हणून तपासणी करायची ती उपाशी पोटी, सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, बरे असताना, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा 300 च्या खाली आलं आणि लक्षणंही असली, तर मग कमतरता म्हणायची. त्यानंतर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्यूटरीची हार्मोनं बघायची, म्हणजे बिघाड अंडकोशात आहे की मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीत, ते कळतं. तुमचं 271 एका दुपारचं, भरल्या पोटाचं आणि आजारातून उठलेल्या माणसाचं. ते खरंही असेल. पण त्या एका कागदावर 14 महिने?

शिवाय तुम्ही तेव्हा 96 किलोंचे होता. पोट सुटलेल्या पुरुषात हार्मोन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी होतं. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, आणि कामाला येणारं मोकळं हार्मोन पुष्कळदा ठीक असतं. वजन उतरलं की आकडा आपला आपण वर येतो. तुम्ही 8 किलो उतरवलेत, दारू सोडलीत, रोज चालताय. यातलं इंजेक्शनाचं किती आणि तुमचं किती, ते तुम्हाला सांगता येणार नाही आणि मलाही.

इथं एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1889 मध्ये ब्राउन-सेकार या नावाजलेल्या शरीरशास्त्रज्ञानं, वयाच्या 72 व्या वर्षी, कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या अंडकोशांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसमधल्या विद्वानांच्या सभेत सांगितलं की ताकद परत आली, जिने चढता येतात. त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हातारा खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखरच बरं वाटत होतं.

आता वहिनींच्या दोन ओळी. झोपेत श्वास थांबणं याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभर प्राणवायू कमी-जास्त होत राहतो, म्हणून दिवसा गल्ल्यावर डोळा लागतो. बी.पी. वाढतं. टेस्टोस्टेरॉन उतरतं. रक्तातल्या लाल पेशी वाढतात. तुमच्या पत्रातली निम्मी लक्षणं एकट्या या आजारात बसतात. त्यावर टेस्टोस्टेरॉन, विशेषतः जास्त मात्रेत, दिलं तर श्वासाचं दुखणं वाढू शकतं, आणि मग दोघं मिळून रक्त घट्ट करतात. तुमची स्लीप स्टडी व्हायला हवी. त्यात ॲप्निया निघाला तर रात्री नाकावर सीपॅपचं मशीन लागेल, ते हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिले पंधरा दिवस तुम्ही त्याला शिव्या घालाल, पुढे वहिनींना झोप लागेल.

‘मग हे औषध वाईटच का?’ नाही. ज्याला खरी कमतरता आहे त्याला ते द्यायलाच हवं. न दिलं तर हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं, इच्छा मरते. हृदयाची भीतीही बरीच कमी झाली आहे. 2023 मध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या सुमारे 5,200 पुरुषांना जेल दिलं, निम्म्यांना औषधाचं आणि निम्म्यांना नुसतं. हार्टॲटॅक, पक्षाघात आणि हृदयानं मृत्यू मिळून प्रमाण 7.0 टक्के आणि 7.3 टक्के, म्हणजे सारखंच. मात्र हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, औषधाच्या गटात 3.5 टक्के, दुसऱ्यात 2.4. फुप्फुसात गाठ अडकणं 0.9 आणि 0.5. हाडं मोडण्याचं प्रमाणही औषधवाल्यांत जास्त निघालं, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. आता यातली खोच बघा: त्या सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशी पोटी दोनदा 300 च्या खाली भरलेलं होतं, पीसीव्ही पुन्हा पुन्हा तपासत होते आणि त्याप्रमाणे मात्रा कमी करत होते. कुणी तुम्हाला या अभ्यासाचा दाखला देऊन ‘काही होत नाही’ म्हणालं, तर तुमचा पीसीव्ही 14 महिन्यांत किती वेळा बघितला ते विचारा. तुम्ही लिहिल्यावरून तरी पहिल्यांदा तो दिसला फॅमिली डॉक्टरांनाच.

थकव्याबद्दलही भलती आशा नको. 65 वर्षांवरच्या 790 पुरुषांवरच्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इच्छा आणि संबंध थोडे सुधारले, मन किंचित हलकं झालं. अंगातल्या उत्साहात म्हणावा असा फरक पडला नाही.

हार्मोनच्या डॉक्टरांना एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात. त्यांच्याकडे याच आठवड्यात जा, जुने कागद घेऊन. बाहेरून हार्मोन आलं की शरीर आपला कारखाना बंद ठेवतं. तो पुन्हा सुरू व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. त्या मधल्या काळात तुम्हाला पूर्वीपेक्षाही वाईट वाटेल आणि तुम्ही म्हणाल, ‘बघा, मला ते लागतंच होतं.’ मला सर्वांत जास्त काळजी त्या दिवसांची आहे, कारण त्याच दिवसांत माणूस मागच्या दारानं परत त्या क्लिनिकमध्ये जातो. वहिनींना आणि भजनी मंडळातल्या एका भरवशाच्या माणसाला आधीच सांगून ठेवा. कारखाना कधी सुरू झाला ते डॉक्टर एलएच बघून सांगतील. त्यानंतर दोन सकाळच्या तपासण्या. आकडा 300 च्या खाली राहिला, ॲप्नियावर उपचार झाले, पीसीव्ही 50 च्या आत आला, तर औषध पुन्हा घ्या, मी स्वतः म्हणेन. बहुधा जेल देतील, कारण त्यात पातळी उड्या मारत नाही. फक्त ते खांद्याला लावून वाळल्याशिवाय आणि सदरा घातल्याशिवाय नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही, हात साबणानं धुवायचे. पीएसए ही रक्ताची तपासणी राहिलीय तीही करून घ्या, प्रोस्टेटसाठी.

आणि तुमचा तो भाचा. जिम, मामाला क्लिनिकचा पत्ता, हे सगळं वाचून मला शंका येते की इंजेक्शन तोही घेत असेल. त्याचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण मूल व्हायचं असेल तर हे त्याला आजच सांगा: बाहेरचं टेस्टोस्टेरॉन बीजनिर्मिती बंद पाडतं. काही महिन्यांत संख्या शून्यावर येऊ शकते. सोडल्यावर बहुतेकांची परत येते, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आणि हमी कुणी देत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, सुनेच्या तपासण्या चालल्यात, नवऱ्याच्या दंडाकडे कुणी बघत नाही, अशी जोडपी मी निवृत्त होण्याआधीच्या वर्षांत पाहिली आहेत.

दोन सकाळचे आकडे आले की कळवा. पत्राच्या पानाची मागची बाजू कोरी ठेवा, वहिनींना लागेल.