बंपर फुटला, क्लेम करू का?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा लांबलचक मेसेज आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. पातलीपाड्याहून ऑफिसला निघाल्या, कापूरबावडीच्या सिग्नलला पुढच्या रिक्षाने कचकन ब्रेक मारला आणि यांची गाडी तिच्यावर मागून आदळली. कुणाला काही लागलं नाही. रिक्षावाल्याला जागेवरच २,००० जीपे करून विषय मिटवला. गाडी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, पावणेपाच वर्षं जुनी. पुढचा बंपर फाटलाय, डावा हेडलाइट गेलाय, डावा फेंडर (चाकावरचा पत्रा) आत दबलाय. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट २६,२००, वागळे इस्टेटमधला ओळखीचा गॅरेजवाला म्हणतोय १४,५०० मध्ये करून देतो. आजवर गाडीच्या विम्याचा एकही क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) सध्या ४५ टक्के, रिन्युअल तीन महिन्यांवर. मिस्टर म्हणतात, "एवढी वर्षं प्रीमियम भरला तो काय पूजेला ठेवायला? क्लेम कर." एजंट म्हणतो, बिनधास्त क्लेम करा, पुढच्या वर्षी कंपनी बदलू, एनसीबीचं कोण बघतंय. आणि शेवटी एक ओळ सहज लिहिलीय, की दोन वर्षांत मोठी गाडी घ्यायचा विचार आहे. खरं तर सगळं उत्तर या ओळीत आहे पण त्याकडे नंतर येतो.

ताई, माझं मत: क्लेम करू नका, गाडी वागळे इस्टेटला द्या. फक्त त्याआधी एक गोष्ट करून घ्या, ती पुढे सांगतो.

तुमच्या घरात जी चर्चा चाललीय ती "२६ हजार खिशातून द्यायचे की कंपनीकडून घ्यायचे" अशी चाललीय, आणि इथेच गडबड आहे, कारण कंपनी २६ हजार देणारच नाहीये. तुम्ही पाठवलेला पॉलिसीचा फोटो बघितला, झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून पैसे न कापणारं कव्हर, नाहीये त्यात. मागच्या रिन्युअलला प्रीमियम कमी दिसावा म्हणून काढलेला दिसतोय. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर सरळ ५० टक्के कापतात, आणि लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के.

आता तुमचंच एस्टिमेट घेऊन बसू. बंपर ४,६००, त्यातले २,३०० मिळणार. हेडलाइट ६,५००, तोही प्लास्टिकमध्येच धरतात म्हणजे ३,२५०. फेंडर ३,२०० चा, ३५ टक्के गेले की २,०८०. पेंटिंग ७,६००, त्यातला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्या पाव भागाच्या निम्मे कापतात, म्हणजे ९५० गेले, उरले ६,६५०. लेबर ३,४०० पूर्ण मिळेल. क्लिपा, स्क्रू वगैरेचे ९०० लावलेत, ते कन्झ्युमेबल म्हणजे वापरून संपणारं किरकोळ सामान, त्याचे शून्य. बेरीज झाली १७,६८०. त्यातून १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे तुम्हीच भरायचा ठरलेला हिस्सा, तो १५०० सीसीपर्यंतच्या प्रत्येक गाडीला प्रत्येक क्लेमला लागतोच. हातात आले १६,६८०, आणि क्लेम करूनसुद्धा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तुमच्या खिशातून गेले ९,५२०. कॅशलेस (कंपनी सर्व्हिस सेंटरला परस्पर पैसे देते तो क्लेम) म्हणजे फुकट असं वाटून गेलेले लोक त्या काउंटरवर कसे बघतात ते मी बघितलंय, त्यात एकदा मी स्वतःच होतो, नेरुळला, पाम बीचवर गाडी घासून आणली होती तेव्हा.

आता दुसरी बाजू. या वर्षी क्लेम नाही केला तर रिन्युअलला तुमचा एनसीबी ५० टक्के होतो, त्याच्या वर तो जातच नाही. क्लेम केला की शून्य, आणि मग पुन्हा पहिल्यापासून चढायचं, २०, २५, ३५, ४५, ५०. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीचे) तुमच्या गाडीचे ३,४१६ वेगळे, त्यावर काही नाही. तुमचा ओन डॅमेज एनसीबीच्या आधी साधारण ८,४०० पडेल. म्हणजे पहिल्या वर्षी ४,२०० चं नुकसान, दुसऱ्या वर्षी ५० च्या जागी २० म्हणून २,५२०, मग २,१००, मग १,२६०, मग ४२०. पाच वर्षांचे १०,५००, वर १८ टक्के जीएसटी धरला तर १२,३९०. गाडी जुनी होत जाईल तसा प्रीमियम थोडा उतरेल, मध्ये एखादा क्लेम तसाही करावा लागू शकतो, त्यामुळे अगदी पैशापैशाला हिशोब लागणार नाही, पण दहा-बारा हजार धरून चाला.

म्हणजे क्लेमची खरी किंमत ९,५२० अधिक १२,३९०, जवळजवळ २२ हजार. गॅरेजवाल्याचे १४,५००. मिस्टरांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

हां, सर्व्हिस सेंटरलाच टाकायची असा हट्ट असेल, तर २६,२०० रोख देण्यापेक्षा क्लेम चार हजारांनी स्वस्त पडतो हे खरंय. आणि झिरो डेप असता तर तुमच्या खिशातून फक्त क्लिपांचे ९०० आणि डिडक्टिबलचे १,००० गेले असते, मग क्लेम आणि गॅरेज जवळपास बरोबरीत आले असते आणि मी म्हटलं असतं घ्या बाबा कंपनीचे नवे पार्ट.

पण आता ती नव्या गाडीची ओळ. बऱ्याच जणांना माहीत नसतं की एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट मागून घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि तेच टक्के नव्या गाडीच्या प्रीमियमला लागतात. समजा दुसऱ्या वर्षी मोठी गाडी घेतली आणि तिचा ओन डॅमेज २२,००० आला, तर ५० आणि २० मधला फरक एकट्या त्या वर्षाचा ६,६००. पहिल्या वर्षीचे ४,२०० धरून १०,८००, जीएसटीसकट १२,७४४. म्हणजे जुन्या गाडीवर पाच वर्षांत जेवढं गमावणार होता त्याहून जास्त दोनच वर्षांत. त्यात तिसऱ्या वर्षीचा ५० आणि २५ मधला फरक धरला की मग सर्व्हिस सेंटरच्या बिलावरसुद्धा क्लेम परवडत नाही. आणि शोरूमवाला स्वतःहून विचारणार नाही बरं का, तो त्याची पॉलिसी गाडीसोबत चिकटवून मोकळा होतो, तुम्हीच सर्टिफिकेट पुढे करायचं. जुनी गाडी न विकता घरात दुसऱ्या कुणाला चालवायला ठेवलीत तर मात्र हे जमणार नाही, एकच एनसीबी दोन गाड्यांना वापरता येत नाही.

एजंटचं म्हणणं तर अजिबात ऐकू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि आज नाही केली तर पुढच्या क्लेमला करते. तेव्हा खोटा एनसीबी घेतलाय हे निघालं की क्लेम अडकतो, आणि तो क्लेम बंपरचा नसतो, इंजिनचा नाहीतर चोरीचा असतो. फॉर्मवर सही तुमची असते, एजंटची नाही.

मिस्टरांचा प्रश्न चुकीचा नाहीये, प्रीमियम कशाला भरायचा मग? गाडी चोरीला गेली, जळाली, चेसिस वाकली, दीड-दोन लाखांचं बिल आलं, त्यासाठी. २६ हजार तुम्हाला जड आहेत पण बुडवणारे नाहीत.

आता ती एक गोष्ट. गॅरेजवाल्याला सांगा आधी बंपर उतरव, मग आकडा बोल. बाहेरून फाटलेला बंपर दिसतो, पण त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर असतो, रेडिएटर असतो, ते धरून ठेवणारी लोखंडी फ्रेम असते. तुम्ही लिहिलंय की ठोकल्यापासून एसी कमी गार करतोय असं वाटतंय, वाटतंय म्हणून सोडून देऊ नका. कंडेन्सर फुटलेला किंवा फ्रेम वाकलेली निघाली तर बिल ४०-५० हजारांवर जाईल, मग माझं सगळं गणित उलटं, तेव्हा क्लेमच करायचा. म्हणून बंपर उतरवल्याशिवाय काहीही रिपेअर सुरू करू देऊ नका, एकदा काम झालं की नुकसान तपासायला येणारा कंपनीचा सर्व्हेअर बघणार काय? ठोकलेल्या दिवशीचे फोटो आहेत ना, ते जपून ठेवा. आणि हे उद्या-परवाच करा, पॉलिसीत लगेच कळवायची अट असते. उशीर झाला म्हणून खरा क्लेम फेटाळू नका असं विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलंय, पण तेवढ्यासाठी भांडत कशाला बसायचं.

क्लेम करायची वेळ आलीच आणि डेंटचं काम करताना मागच्या दाराचा जुना ओरखडा पण क्लेममध्ये घालू असं कुणी सुचवलं तर नको म्हणा, तो वेगळा अपघात धरला जातो, वेगळा क्लेम, वेगळा डिडक्टिबल.

वागळेवाल्याकडून हेडलाइट मात्र नवाच बसवून घ्या, चिकटवलेला नको, पावसाळ्यात आत वाफ धरते आणि रात्री घोडबंदरला मेट्रोच्या पत्र्यांमधून गाडी काढताना समोरचं दिसत नाही. बंपर प्लास्टिक वेल्डिंग करून रंगवला तरी चालेल, फेंडर ठोकून सरळ होतो. पक्कं बिल घ्या.

पैसे कुठून आणायचे हे तुम्ही विचारलंय, की शाळेची फी आत्ताच भरलीय, कार्डावर टाकू का. कार्डाचं बिल पूर्ण भरता येणार नसेल तर नको, महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. एसआयपी पण थांबवू नका. ती १ लाख ८० हजारांची एफडी इमर्जन्सीसाठी ठेवलीय ना, मग त्यातले १५ हजार काढा, मोडल्याचं व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. पुढचे पाच महिने तीन-तीन हजार परत टाकले की भरून निघेल.

रिन्युअलला झिरो डेपचा कोटेशन मागून बघा, पाच वर्षांच्या वरच्या गाडीला काही कंपन्या देतात काही नाही. आणि तारीख चुकवू नका, पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर क्लेम न करतासुद्धा एनसीबी जातो.

रिक्षावाल्याचे २,००० कंपनी देणार नाही, कंपनीला न विचारता दिलेत, ते विसरा. फक्त त्याला व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून ठेवा, "गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळाले ना दादा?" आणि त्याचं "हो" आलं की स्क्रीनशॉट काढा.