पुण्यात नीट चालणारा गेमिंग पीसी ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बंद पडतोय. लिक्विड कूलर बसवू का?

लिक्विड कूलर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पाण्याने वाहून नेणारा कूलर, घेऊ नका. तुमच्या पीसीचं दुखणं वेगळं आहे आणि त्यावरचा इलाज बराच स्वस्त आहे.

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून इतरांसाठी थोडक्यात सांगतो. बदली होऊन तुम्ही पुण्याहून इथे आलात आणि शहराच्या लश्कर भागात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहता. पीसीत रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, बी४५० मदरबोर्ड आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे. पुण्यात कधी कुरकुर केली नाही, पण इथे मे लागल्यापासून गेम सुरू केला की काही वेळाने धाडकन बंद होतो. दुकानदार म्हणतो ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर टाका. तुम्ही विचारता की तेवढे पैसे घालण्यापेक्षा ग्राफिक्स कार्डच बदलावं का.

मी ग्वाल्हेरचाच. इथल्या उन्हाळ्यात स्वतःचे आणि मित्रमंडळींचे पीसी बांधत, उघडत, साफ करत आलोय, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

कुठलाही कूलर, मग तो हवेचा असो की पाण्याचा, उष्णता नाहीशी करत नाही. तो ती चिपवरून उचलून खोलीत सोडतो. म्हणून चिपचं तापमान नेहमी खोलीच्या तापमानाच्या वरच राहतं, आणि किती वर राहणार ते वॅट, कूलर आणि हवेचा प्रवाह यांवर ठरतं. खोली २७ अंशांवर असताना कार्ड ७२ वर चालत असेल, तर त्याच गेममध्ये, पंख्यांचा वेग तोच धरला, तर ३९ अंशांच्या खोलीत ते ८४ च्या आसपास जाणार. पीसी तोच, कूलर तोच, फक्त खोली बदलली. ग्वाल्हेरमध्ये मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो. दगडी पट्ट्यांच्या छताखालची वरची खोली तर रात्री अकरालाही निवत नाही.

आता तुमच्या प्रोसेसरचं बघा. ५६००एक्स मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ७६ वॅट खातो. एवढ्याला १२० मिलिमीटरचा पंखा असलेला साधा टॉवर कूलर पुरून उरतो. ३६० चा रेडिएटर (लिक्विड कूलरचा, पाणी गार करणारा जाळीदार भाग) कोअर आय९ १४९००के सारख्या, २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या प्रोसेसरवर शोभतो. तुमच्या कॅबिनेटमधली खरी उष्णता ग्राफिक्स कार्डातून येते. ३०७० चे २२० वॅट म्हणजे प्रोसेसरच्या जवळजवळ तिप्पट. त्या कार्डाला प्रोसेसरवरचा लिक्विड कूलर हातही लावत नाही. उलट रेडिएटर पुढच्या बाजूला बसवला, तर त्यातून तापून आलेली हवाच कार्डाच्या वाट्याला येते. शिवाय पंप कधीतरी जातो, आतलं पाणी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडंथोडं कमी होतं, आणि बहुतेक तयार, सीलबंद लिक्विड कूलरमध्ये ते पुन्हा भरण्याची सोय नसते. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखी वस्तू एकच, पंखा. तो कुठेही मिळतो आणि दहा मिनिटांत बदलता येतो.

दुसरं म्हणजे, निव्वळ तापल्यामुळे प्रोसेसर किंवा कार्ड सहसा एकदम बंद होत नाही. आधी ते स्वतःचा वेग उतरवतं. गेम अडखळतो, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात, पंखे किंचाळतात. तुमचा पीसी असं काहीच न करता थेट अंधार करत असेल, तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर आहे. ३०-मालिकेची कार्डं क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरीच वर उसळी घेतात, हे सर्वांना माहीत आहे. जुना, धुळीने भरलेला, तापलेला एसएमपीएस अशा उसळीला स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. चांगले एसएमपीएस ५० अंशांना पूर्ण वॅट देण्यासाठी मोजलेले असतात, हलक्या दर्जाचे ४० ला किंवा त्याहून कमीला. ४० अंशांच्या खोलीत तापलेल्या कॅबिनेटची हवा खाणाऱ्याची काय गत होईल ते तुमच्या लक्षात येईल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल, पण त्यावरून काही ठरवू नका. पीसी नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती नोंद सांगते.

म्हणून आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, लॉगिंग सुरू करा आणि गेम खेळा. पीसी बंद पडला तरी त्याच्या जरा आधीपर्यंतचे आकडे फाइलमध्ये राहतात. सोबत घरातलं साधं थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर टांगा, कारण खोलीच्या दुसऱ्या टोकाचं तापमान तुमच्या पंख्यांच्या कामाचं नाही. मग एकदा बाजूची काच काढून तोच गेम तेवढाच वेळ चालवा. काच काढल्यावर कार्ड आठ-दहा अंशांनी उतरलं, तर कॅबिनेटला श्वास घेता येत नाहीये. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर कॅबिनेट ठीक आहे आणि दोष खोलीचा आहे.

आता खोलीकडे येतो. जमत असेल तर उन्हाळ्यापुरता पीसी तळमजल्यावर हलवा. लश्करातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती उगीच नाहीत. आमच्याकडे खालची खोली दुपारी वरच्यापेक्षा चांगलीच गार असते, आणि तेवढा फरक कुठलाही महागडा कूलर देत नाही. एसी असेल तर प्रश्नच मिटला. गेम चालू असताना तुमचा पीसी खोलीत साधारण ३५० वॅट उष्णता सोडतो, एक टनाच्या एसीच्या ताकदीचा हा सुमारे दहावा भाग.

एसी नसेल तर इथल्या घरोघरी असतो तो डेझर्ट कूलर. पुण्या-मुंबईकडचे लोक त्याला घाबरतात, ओल्या हवेने पीसी जळेल म्हणतात, म्हणून यावर थोडं थांबतो. ग्वाल्हेरची मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगल्या गवताचा, नीट भिजलेला कूलर २६ ते २८ अंशांची हवा देतो. म्हणजे पंख्यांना पुण्याइतकी गार हवा मिळाली. दव धरायला वस्तू हवेच्या दवबिंदूपेक्षा गार असावी लागते. चालू पीसीतला प्रत्येक भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे आत पाणी धरण्याचा प्रश्नच येत नाही. धोका आहे तो थेंबांचा. कूलरच्या झोतात बारीक तुषार असतात आणि त्यात पाण्यातले क्षार. तिघरा धरणातून येणारं नळाचं पाणी त्या मानाने बरं, पण बोअरचं पाणी घालत असाल तर गवतावर जो पांढरा थर चढतो, तोच थोडाथोडा तुमच्या बोर्डावर बसू शकतो. म्हणून पीसी झोताच्या रेषेत ठेवू नका, बाजूला आणि लांब ठेवा. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती वाफ कोंडते आणि गारवा येत नाही. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो. हवा आधीच दमट असते, पाणी उडत नाही. तेव्हा त्याचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

यानंतर धूळ, आणि इथे मी हट्टी आहे. मे-जूनमध्ये संध्याकाळी आंधी येते, खिडक्या बंद असल्या तरी लादीवर पिवळट भुकटीचा थर दिसतो. तीच भुकटी तुमचे पंखे दिवसभर ओढतात. आज एक काम करा. पीसी बंद करून प्लग काढा, कॅबिनेट पुढे ओढा आणि खालच्या बाजूने एसएमपीएसची जाळी मागे सरकवून बाहेर काढा. पुढची जाळी लोक पुसतात, ही कोणी बघत नाही. नमद्याच्या तुकड्यासारखा करडा थर एकसंध निघाला तर नवल नाही, आणि त्या थरातून तुमचा एसएमपीएस श्वास घेत होता. जाळी धुवा, पूर्ण वाळवा, मग लावा. कॅबिनेट सतरंजीवर किंवा गादीला टेकून ठेवलं असेल तर आधी तिथून उचला.

आतली धूळ ब्लोअरने काढा, पण गॅलरीत किंवा गच्चीवर. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या जोराने पंखा वाटेल तसा फिरला तर बेअरिंग खराब होतं. कार्डाच्या फिनमध्ये (पंख्यामागच्या पातळ धातूच्या पट्ट्यांत) मागून पुढे हवा मारा, म्हणजे अडकलेले पुंजके आल्या वाटेने बाहेर पडतात. उन्हाळ्यात जाळ्या दर आठवड्याला आणि आंधी आली की दुसऱ्या दिवशी साफ करा. कॅबिनेटमध्ये हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा, उदाहरणार्थ पुढे दोन १४० चे आणि मागे एक १२० चा. त्याने आतला दाब किंचित जास्त राहतो, फटींतून हवा बाहेर जाते आणि धूळ फक्त जाळीवाटे येऊ बघते. पुढची बाजू काचेची असेल आणि हवेला बाजूची बारीक फटच असेल, तर या शहरात ते कॅबिनेट बदलणं हा लिक्विड कूलरपेक्षा कितीतरी चांगला खर्च आहे. पीसी तीन-चार वर्षांचा असेल तर थर्मल पेस्टही (चिप आणि कूलर यांच्यामधला उष्णता नेणारा लेप) बदलून घ्या.

मग फुकटातला इलाज. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. २२० चे साधारण १७५ वॅट होतात आणि एफपीएस थोडेच कमी होतात, खेळताना सहसा कळतही नाही. हात बसला की व्होल्टेज कर्व्हला, म्हणजे कोणत्या वेगाला किती व्होल्ट द्यायचे त्या आलेखाला या. बऱ्याच ३०७० कार्डांवर ०.९ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा वेग स्थिर राहतो. प्रत्येक कार्ड निराळं असतं, म्हणून एक-एक पायरी उतरा आणि प्रत्येक पायरीवर तासभर खेळून बघा. उसळ्याही कमी होतात, म्हणजे एसएमपीएसवरचा ताणही उतरतो. फ्रेमवर मर्यादा घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर मेनूच्या चित्रासाठी कार्डाने ३०० फ्रेम काढण्यात काहीच अर्थ नाही.

विजेबद्दल दोनच गोष्टी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर घराला अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. जुन्या घरांत हे फार दिसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी करून घ्या, पीसीसाठी नव्हे, तुमच्यासाठी. आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर गेमिंग पीसी चालवू नका. यूपीएस घ्यायचा तर शुद्ध साइन वेव्हचा आणि निदान १००० व्हीएचा घ्या. ६०० व्हीएच्या डब्याला तुमचा पीसी आणि मॉनिटर झेपणार नाही.

हे सगळं करूनही पीसी बंद पडला तर एसएमपीएस बदला. ७५० वॅटचा, ५० अंशांना मोजलेला, चांगल्या वॉरंटीचा. पुढच्या कार्डालाही तोच चालेल.

कार्ड बदलायचंच असेल तर ग्वाल्हेरमध्ये मी वॅट बघून निवडीन. आरएक्स ९०७० तुमच्या ३०७० इतकंच, २२० वॅट घेतं, काम बरंच जास्त करतं आणि ८ च्या जागी १६ जीबी मेमरी देतं. आरटीएक्स ५०७० ला २५० वॅट लागतात आणि मेमरी १२ जीबी. ५०६० टीआय १८० वॅटचं, म्हणून आपल्या हवेला मोहक वाटेल, पण कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाच्या ते फक्त आठ लेन वापरतं आणि तुमचा बी४५० बोर्ड त्याच्या जुन्या, हळू ३.० आवृत्तीवरच थांबतो, त्यामुळे काही गेममध्ये मार बसतो. घेतलंच तर १६ जीबीचं घ्या. प्रोसेसर बदलायला बोर्ड फेकायची गरज नाही. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) नवा करा आणि ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी कुठे वाजवी दरात मिळाला तर त्याच सॉकेटमध्ये बसवा. १४४०पी रिझोल्यूशनवर खेळत असाल तर आधी कार्ड घ्या, प्रोसेसर थांबू शकतो.

दिल्ली जवळ आहे, तिथल्या नेहरू प्लेस या कॉम्प्युटरच्या बाजाराला जाऊन एका दिवसात परत येता येतं आणि भावात फरक पडतो. पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते पैसे देण्याआधी विचारा. खरेदीची एक फेरी आनंदाची असते, पण वॉरंटीसाठी जूनमध्ये तीच फेरी दोनदा मारावी लागते, एकदा द्यायला आणि एकदा आणायला.

लॉग काढलात की बंद पडण्याआधीचे चार आकडे इथे खाली लिहा: कार्डाचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, कार्डाचे वॅट आणि थर्मामीटरचा आकडा. सोबत एसएमपीएसचं मॉडेल पण द्या. त्यावरून तो बदलायचा की नाही हे मी नक्की सांगू शकेन.