मेंढा सोडला, पण माज दिसत नाही

प्रश्न : हंगामाच्या महिनाभर आधी मेंढ्या माजावर याव्यात, म्हणून मी नसबंदी केलेला मेंढा कळपात सोडला. आठवडा झाला, तरी एकही मेंढी माजावर आलेली नाही. हा मेंढा पूर्वी शेजारच्याच वाड्यात असे. उपाय फसला असे समजावे का?

उत्तर : एवढ्यात तसे समजू नये. नवा नर कळपात आला, की त्याच्या वासाने मेंढीच्या मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संप्रेरकांचे संदेश काही मिनिटांतच वाढतात आणि दोन-तीन दिवसांत स्त्रीबीज सुटते. परंतु हा पहिला माज मुका असतो, म्हणजे बीज सुटूनही मेंढी नरासमोर उभी राहत नाही. त्यानंतर काही मेंढ्यांचे चक्र नेहमीसारखे सुमारे १७ दिवसांचे होते, तर काहींचे पाच-सहा दिवसांतच आटोपते, पुन्हा एक मुका माज होतो आणि मगच पूर्ण चक्र सुरू होते. त्यामुळे उघड माज साधारण १८व्या आणि २४व्या दिवसाच्या आसपास, दोन टप्प्यांत दिसतो.

खरी काळजी शेजारच्या वाड्याची आहे. ज्या नराचा वास आणि आवाज मेंढ्यांच्या रोजच्या सवयीचा झाला आहे, त्याचा प्रभाव फारच कमी पडतो. शक्य असल्यास मेंढ्यांनी कधीही न पाहिलेला मेंढा आणावा आणि दिवस तेव्हापासून मोजावेत. खच्ची केलेला मेंढा मात्र चालणार नाही, कारण हा वास नर संप्रेरकावर अवलंबून असतो. नसबंदी नुकतीच झाली असेल, तर सहा आठवडे थांबावे. तोपर्यंत वीर्यात शुक्रजंतू शिल्लक राहू शकतात.

चौदाव्या दिवशी हा मेंढा काढून पैदाशीचे मेंढे सोडावेत. त्यांच्या छातीला रंग लावला, तर भरलेल्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर डाग उमटतो आणि नोंद ठेवणे सोपे जाते. अनेक मेंढ्या एकदमच माजावर येणार असल्याने मेंढे नेहमीपेक्षा अधिक लागतील, हे अनेकदा लक्षातच घेतले जात नाही. रोडावलेल्या मेंढ्यांवर, किंवा हंगाम फार दूर असताना, या उपायाचा भरवसा धरू नये. तो साधला, तर सुमारे पाच महिन्यांनी बहुतेक मेंढ्या थोड्याच दिवसांच्या अंतराने वितील. त्या वेळी पुरेशी जागा आणि राबणारी माणसे हाताशी राहतील, याची तजवीज आताच करावी.