माडीवर इंटरनेट पोचत नाही

प्रश्न : आमचं घर जुनं, भिंती दीड फुटी. राउटर खाली ओटीवर आहे. माडीवर मुलीचा लॅपटॉप आणि माझा संगणक. दोन्हींवर इंटरनेट सारखं तुटतं. दुसरं कनेक्शन घ्यावं का?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : मुळीच नको, ताई! दर महिन्याला पैसे कशाला घालवायचे? दोष भिंतींचा आहे. आमच्या वाईच्या घरात मी हेच भोगलंय. शेवटी खालच्या राउटरपासून जिन्याच्या कडेनं कॅट-६ केबल (इंटरनेट जोडणीची तार) वर नेली (ती १०० मीटरपर्यंत चालते) आणि कपाटातला जुना राउटर माडीवर लावला.

तुम्हीही तेच करा. आधी जुना राउटर लॅपटॉपला जोडून त्याचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदला. खालच्याचा १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्यातलं डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना आपोआप असे पत्ते देणारी सोय) बंद करा, नाहीतर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात आणि सगळा घोळ होतो. खालून आलेली केबल ‘वॅन’च्या (बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या) नव्हे, ‘लॅन’च्या (घरातली यंत्रं जोडायच्या) खाचेत घाला. या एका खाचेपायी माझा अख्खा रविवार गेला होता.

तुमचा संगणक जागचा हलत नाही ना? मग त्याला वरच्या राउटरमधून केबलच जोडा. वाय-फाय मुलीच्या लॅपटॉपला राहू द्या.